कुवेतमध्ये डोंगर शोधणारे काका

ही गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी खोटी सांगितली आहे. कुवेतमधल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत, पुढे पुण्यात जुने सहकारी भेटले की, मुलांच्या वाढदिवसांना, कोणीतरी म्हणायचंच, "ती काकांची वाळवंटातली गोष्ट सांगा ना." मी सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. गोष्टीतले काका चाळीस माणसांना वाट चुकवतात आणि वर म्हणतात, मी खुणा केल्या होत्या. खरं म्हणजे खुणा होत्या. त्या मी काढून टाकल्या होत्या. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली याचं कारण एवढंच, की हसणाऱ्या माणसांना थांबवून "अहो, हे असं नव्हतं" असं म्हणायला जो धीर लागतो तो माझ्यात नव्हता. आता मी पंचाहत्तरीच्या पुढे आहे. काकांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा आधी काका कसे होते ते सांगतो.

जाब्रियातल्या एका इस्पितळात ते क्ष-किरण विभागात सगळ्यांत जुने तंत्रज्ञ होते आणि मी त्यांच्या हाताखाली. गाव जुन्नरच्या पुढे, नाणेघाटाच्या बाजूला. बायकामुलं तिकडे, काका इकडे. बुटके, काटक, डोक्यावर जेमतेम केस आणि पोटऱ्या मात्र पहिलवानाच्या. इस्पितळाला लिफ्ट होती, पण काका तीत कधी चढले नाहीत. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला बसले की ते तळघरातून गच्चीपर्यंत जिना चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. घामाघूम होऊन आले की जाहीर करायचे, "आज अर्धा जीवधन झाला." आठवड्याला त्यांचे दोन किल्ले व्हायचे. एकदा एका इजिप्शियन डॉक्टरांनी विचारलं, की या माणसाला काही आजार आहे का? मी म्हटलं, "आहे. याच्या देशात डोंगर आहेत आणि तुमच्याकडे नाहीत."

अरबी त्यांना फक्त क्ष-किरणाच्या खोलीतलं यायचं. 'खुद नफस', म्हणजे श्वास घ्या. 'ला ततहर्रक', म्हणजे हलू नका. 'तनफ्फस', म्हणजे सोडा आता श्वास. आणि 'खलास'. एवढ्या चार शब्दांवर काकांनी त्या देशात अकरा वर्षं काढली. भाजीवाला वजन करताना काटा ढकलायला लागला, की काका ओरडायचे, "ला ततहर्रक!" भाजीवाला खरंच हात बाजूला घ्यायचा. वाहतूक पोलिसाने अडवलं तेव्हा त्याला ते शांतपणे म्हणाले, "खुद नफस." पोलीस इतका हसला की त्याने गाडी सोडून दिली.

कामात मात्र थट्टा चालत नसे. फोटोवर डावी बाजू कुठली, उजवी कुठली, हे दाखवायला शिशाची अक्षरं लावतात. काका ती लावायचे, बोट ठेवून मोठ्याने म्हणायचे, "हा उजवा", मग रुग्णाला उजवा हात वर करायला लावायचे आणि मगच बटण दाबायचे. मला पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "हे बघ लेका, डॉक्टर हुशार असतो, यंत्र महाग असतं, पण खूण आपण करतो. खूण चुकली तर धडधाकट गुडघा कापला जाईल." अकरा वर्षांत त्यांची एकही खूण चुकली नव्हती. हे त्यांचं एकच वैभव होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

सन नव्वदच्या सुरुवातीला काकांना बातमी लागली की कुवेतमध्ये डोंगर आहे. झालं असं, की कुवेतच्या खाडीच्या उत्तरेला जाल अझ-झोर नावाचा कडा आहे, आणि त्या भागात सरकार राष्ट्रीय उद्यान करतंय, तारेचं कुंपण घालतंय, असं कुणी रुग्ण सांगून गेला. काका त्या दिवशी जिना चढले नाहीत. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"अकरा वर्षं! अकरा वर्षं मी इथं जिने झिजवले आणि डोंगर तिकडे बसून राहिलाय!"

"काका, उंची किती असेल?"

"डोंगराची उंची विचारू नये. बायकांचं वय विचारतोस का?"

पुढच्या शुक्रवारी त्यांनी इब्राहीमभाईंचा पिकअप मागून घेतला. इब्राहीमभाई श्रीवर्धनचे. रुमैथियात त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि आमच्या सगळ्या सहलींचं सामान तिथूनच यायचं. काका एकटेच जाऊन वाट बघून आले. डांबरी रस्ता सोडल्यावर पुढे नुसतं सपाट वाळवंट, तंबू ठोकून राहणाऱ्या लोकांच्या गाड्यांच्या वाटा चहूकडे फाटलेल्या. म्हणून काकांनी कड्याच्या उतारावरचे दगड पिकअपमध्ये भरले आणि परत येताना प्रत्येक फाट्यावर तीन-तीन दगडांची रास रचली. आमच्याकडे डोंगरात फिरणारे असंच करतात. नऊ फाटे, नऊ राशी. शनिवारी कामावर आले तेव्हा कंबर धरली होती आणि चेहरा नवरदेवासारखा फुलला होता.

मग तयारी सुरू झाली. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, त्यांची मुलंबाळं असे चाळीस जण निघणार होते. काकांचे नियम फार. पायथ्यापासून चालतच चढायचं, गाडी वर न्यायची नाही. माथ्यावर कोणी ऑफिसबद्दल बोलायचं नाही. आणि स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवरच. आमचे एक डॉक्टर, मूळचे लातूरचे, विभागाच्या वरच्या पदावर होते. ते म्हणाले, "काका, गॅसची शेगडी घेऊ की हो." काका म्हणाले, "डॉक्टर, डोंगरावर गॅस नेणाऱ्यानं घरीच जेवावं."

चुलींची जबाबदारी माझ्यावर आली. वफ्र्याच्या एका शेतावरून खजुरीच्या वाळक्या फांद्या आणल्या होत्या. इब्राहीमभाईंची भांडी होती. मी पिकअप घेऊन सगळ्यांच्या दोन तास आधी निघायचं, पायथ्याशी चुली मांडून मसालेभाताचं आधण ठेवायचं, असं ठरलं. काकांनी मला वाट समजावली. "रास दिसली की तिच्या डाव्या हाताने जायचं. नऊ झाल्या की समोर डोंगर. दगड तिथं उतारावर पडलेत, अर्ध्या तासात गोळा होतील."

मी निघालो. फेब्रुवारीतली सकाळ होती, त्या वर्षी पाऊस बरा झाला होता आणि वाळूवर हिरवं लुसलुशीत गवत, मधेच पिवळी फुलं. सहावी रास ओलांडली आणि लांबवर कडा दिसायला लागला. कडा दिसल्यावर सातव्या राशीची गरजच काय, असं माझ्या मनात आलं. माझ्या चाकांचे माग मागे उमटत होतेच, मागून येणारे त्यावरून येतील. आणि उतारावर चढून दगड वाहायचा मला कंटाळा आला होता. सातव्या राशीपाशी गाडी थांबवून मी तिन्ही दगड उचलले. कसे सपाट, एका मापाचे! काकांनी निवडलेले ते. आठवीचे उचलले, नववीचेही. तीन चुलींना नऊ दगड. पाच मिनिटांत काम झालं आणि मी शीळ घालत पुढे गेलो.

मंडळी माझ्या चाकांचे माग धरत, कड्यावर नजर लावून आली तेव्हा चुली पेटल्या होत्या. काका गाडीतून उतरले ते थेट कड्याकडे. चपला काढल्या, उताराला हात लावून कपाळाला लावला आणि आमच्याकडे वळून दोन्ही हात पसरले, जणू हा डोंगर त्यांनीच आदल्या आठवड्यात उभा केला होता.

इब्राहीमभाई कमरेवर हात ठेवून वर बघत होते. "काका, ह्यो तुमचा डोंगर? आमच्या शिरवर्धनात ह्याला टेंब म्हंतील, नुसतं टेकाड."

"म्हणू देत. आधी चढून दाखवा, मग नाव ठेवा."

नागपूरची एक परिचारिका आमच्यात नवीनच आली होती. ती म्हणाली, "काका, टेंब तर टेंब, पण वर सावली आहे का जी?"

"सावली तुझी तू घेऊन आलीस ना बरोबर, तिच्यात बस!"

खरं सांगायचं तर पर्वतीवर आणखी अर्धी पर्वती ठेवली तर जेवढी होईल तेवढाच तो कडा. पण आम्ही सगळे इतके दिवस सपाटीवर राहिलो होतो, की चढताना छाती भरून आली. डॉक्टर तीनदा बसले. प्रत्येक वेळी काका त्यांच्यासमोर उभे राहून म्हणायचे, "खुद नफस... ला ततहर्रक... तनफ्फस. चला!" पोरंही तेच ओरडायला लागली. माथ्यावर पोचलो तर खाली एका बाजूला निळं पाणी, आणि त्याच्या पलीकडे कुवेत शहर बोटभर उंचीचं. काकांनी आम्हाला गोल बसवलं आणि प्रत्येकाने आपल्या गावातून दिसणाऱ्या डोंगराचं नाव सांगायचं, असा हुकूम सोडला. कोणी सांगितलं, कोणी लाजलं. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे कुठला डोंगर? नुसतं माळ." काका म्हणाले, "मग आजपासून हा तुमचा. घेऊन टाका." त्या माणसाचा चेहरा त्या वेळी जसा उजळला होता, तसा मी नंतर कोणाचाच पाहिला नाही.

खाली येऊन जेवलो. काका चुलीजवळ उकिडवे बसले. दगड काजळीने काळे झाले होते. "दगड झकास निवडलेस," ते मला म्हणाले. मी मान डोलावली आणि त्यांना आणखी भात वाढला.

दुपारी वारा सुटला. निघेपर्यंत सकाळचे माग पुसून गेले होते. पुढच्या गाडीत काका होते. अर्धा किलोमीटर गेल्यावर ती थांबली, मागोमाग आम्ही सगळे. काका उतरून इकडेतिकडे फिरत होते, वाकून वाळू बघत होते.

"इथं रास होती. मी स्वतः रचलेली."

"काका, पुढे असेल," डॉक्टर म्हणाले.

पुढे गेलो. तिथेही नाही. फाट्यावर कुठे वळायचं ते काकांनी अंदाजाने सांगितलं आणि दोन गाड्या भुसभुशीत वाळूत रुतल्या. सगळे उतरले. पोरं पाणी मागायला लागली. काका कपाळाला हात लावून उभे होते. "नऊ रचल्या होत्या. मला पक्कं आठवतंय."

"वाळवंटात दगड कोण चोरणार, काका?" डॉक्टर हसून म्हणाले. "स्वप्नात रचल्या असतील."

तीच वेळ होती. मी दोन पावलं पुढे आलो. सांगणारच होतो. पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, त्यात त्या नागपूरच्या मुलीची होती, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हणालो, "नाही डॉक्टर, काका दगडांना ला ततहर्रक म्हणायला विसरले असतील. म्हणून ते निघून गेले."

चाळीस माणसं खदाखदा हसली. ती मुलगी तर डोळे पुसत हसली. त्या हसण्याने आमची ओळख वाढली आणि वर्ष-दीड वर्षाने आमचं लग्न झालं. काकाही हसले. सगळ्यांच्या नंतर, थोडे थांबून.

जवळच्या तंबूतल्या एका कुवेती म्हाताऱ्याने आमचा गोंधळ पाहिला होता. तो आपल्या मुलांसह मोठी गाडी घेऊन आला. दोर बांधून रुतलेल्या गाड्या ओढताना आमचा एक चालक घाबरून उलटसुलट चाक फिरवत होता. काका खिडकीशी धावले, "ला ततहर्रक!" म्हातारा चमकून बघायला लागला आणि गाडी निघाल्यावर काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दक्तूर? दक्तूर?" मग त्याने सगळ्यांना तंबूत बसवून चहा पाजला, खजूर दिले. आम्ही डोंगर बघायला आलो होतो हे कळल्यावर तो इतका खूश झाला की काकांच्या हाताला धरून त्याने त्यांना आपल्या शेजारी गादीवर बसवलं. सूर्य मावळायच्या आत त्याच्या पोराने दुसऱ्याच वाटेने आम्हाला डांबरी रस्त्याला लावलं. एकंदरीत तो दिवस फार आनंदाचा गेला. हे मी खोटं सांगत नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही सगळे जन्मभर आनंदानेच बोललो.

पुढच्या शुक्रवारी काका पुन्हा एकटेच तिथे जाऊन आले. संध्याकाळी माझ्या खोलीवर आले, चहाही घेतला नाही.

"सहा सापडल्या. शेवटच्या तीन नाहीत. म्हणजे मी सहाच रचल्या रे. आणि मला नऊ रचल्याचं शपथेवर आठवतंय. डोंगराजवळच्या राशीचा दगड बोटावर पडला होता, तेसुद्धा आठवतंय." त्यांनी मला अंगठा दाखवला. नख काळं पडलं होतं. "मग हे नख कशानं झालं असेल?"

मी म्हणालो, "दुसरीकडे कुठे लागलं असेल, काका."

ते मान हलवत गेले. त्या वाक्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. त्या विनोदाचीही तेवढी वाटत नाही.

त्यानंतर काका प्रत्येक फोटोची खूण तीनदा तपासू लागले. मग मला बोलावून तपासून घेऊ लागले. एकही चुकत नव्हती. मी म्हणायचो, "काका, बरोबर आहे," आणि ते म्हणायचे, "आज आहे." मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी फार समजावलं. काका म्हणाले, "ज्याला स्वतःच्या खुणा आठवत नाहीत, त्यानं लोकांच्या हाडांवर खुणा करू नयेत." जाताना सगळ्यांना गूळपोळी खाऊ घातली, इस्पितळाचा जिना एकदा शेवटचा वरपर्यंत चढले आणि विमानात बसले. त्यांच्या यंत्रावर मी आलो.

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य शहरात शिरलं. आम्ही बसमधून बगदाद, तिथून जॉर्डन, तिथल्या छावणीतून मुंबई असे हातात एक पिशवी घेऊन घरी पोचलो. वाटेत कोणीतरी म्हणालं, "काका नशीबवान, वेळेवर सुटले." मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. माझ्यामुळे ते वाचले, असं मी कित्येक महिने स्वतःला सांगत होतो.

लढाई संपल्यावर इस्पितळाने पुन्हा बोलावलं. जायच्या आधी, एक्क्याण्णवच्या पावसाळ्यानंतर, मी काकांच्या गावी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो. एस.टी.तून उतरलो तर काका फाट्यावर उभे. मला कडकडून मिठी मारली. "आपला डोंगर कसा आहे रे?" मी सांगितलं की तिकडे आता सुरुंग पेरलेत म्हणतात, कोणी जात नाही. "जातील," ते म्हणाले. "डोंगराला घाई नसते."

घर हसरं होतं. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, मीठ, साखर, हळद. हळदीच्या चिठ्ठीखाली काकांच्या अक्षरात आणखी एक ओळ: 'उघडून बघितलं, हळदच आहे.' काकू म्हणाल्या, "यांना सगळं आठवतं हो. माझ्या लग्नातल्या शालूला काठ कुठला होता तेसुद्धा. पण म्हणतात, माझा भरवसा नाही." अंगणातून समोर हिरवागार कडा उभा होता, ढग खांद्यावर घेऊन. मी विचारलं, "काका, रोज जात असाल." ते हसले. "एकटा नाही जात. पोराला शब्द दिलाय. कोणी बरोबर असेल तर जातो. पोराला वर्षातून दोनदा रजा मिळते."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची सून, शेजारी, सगळे जेवायला जमले आणि काकांनी मांडीवर थाप मारली. "अरे, ती वाळवंटातली गोष्ट यांना सांग ना! मी सांगतो, पण तुझ्यासारखी जमत नाही."

आणि मी सांगितली. दगड निघून गेले, इथपर्यंत आलो तेव्हा घर हसून कोसळलं. सगळ्यांत जास्त काका हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि काकूंना म्हणत होते, "ऐकलंस? ऐकलंस?"

ते मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. मी म्हणालो, "काका, त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय."

"आता काय राहिलं? मजा आली ना त्या दिवशी?"

"आली," मी म्हणालो. गाडी आली, मी चढलो. नंतर पत्रं लिहिली, त्यांत तब्येत विचारली, हवामान लिहिलं. त्यानंतर ते आणखी पंधरा वर्षं जगले. गेल्या महिन्यात मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अजी, चिठ्ठी पाठवायची होती हो तुम्ही."

पाठवायची होती. नाहीतर त्या फाट्यावर, गाडी यायच्या आधी, म्हणायला चार वाक्यं पुरली असती. काका, तुम्ही नऊ राशी रचल्या होत्या. शेवटच्या तीन मी उचलल्या आणि तुमच्यावर हसलो, मला माफ करा. तुम्हाला सगळं नीट आठवतं. उद्या सकाळी एकटेच डोंगरावर जा.